नमुना, कित्ता आणि टेलिफोन



शाळेत आपण सर्वांनीच कित्ता गिरवला आहे. वर छापलेली ओळ आणि तिच्याखाली आपण काढायची अक्षरे. वरच्या ओळीशी जितके जुळेल तितके गुरुजी खूष. आज ज्या गोष्टीचा इतिहास मला सांगायचा आहे तिला इंग्रजीत 'पॅटर्न' म्हणतात. मराठीत कोणी तिला 'आकृतिबंध' असे भारदस्त नाव देतात. मी आपला साधा 'नमुना' म्हणेन. मात्र हा नमुना म्हणजे कित्ता नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला कित्ता समजल्याने काय होते याचे एक फार महागडे उदाहरण पुढे येणार आहे.

टेलिफोन केंद्रे आज संगणकावर चालतात. अग्निबाणाला दिशा देणारी यंत्रणाही संगणकावरच चालते. संगणकाने काय करायचे ते लिहून ठेवलेल्या आज्ञांना सॉफ्टवेअर किंवा आज्ञावली म्हणतात. अशी लाखो ओळींची आज्ञावली माणसे रचतात तरी कशी, आणि एका पिढीला आलेले शहाणपण पुढच्या पिढीच्या हाती कसे पोचते, हा आजचा विषय. मी इतिहास शिकवणारा माणूस, संगणकाचा जाणकार नव्हे. तरी या विषयात मला पडावेसे वाटले त्याचे कारण असे, की या गोष्टीचे एक मूळ एका भारतीय खेड्यात आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

क्रिस्टोफर अलेक्झांडर नावाचे एक वास्तुशास्त्रज्ञ होते. जन्म १९३६ चा, व्हिएन्ना शहरातला, वाढले इंग्लंडात. केंब्रिजला गणित आणि वास्तुकला शिकून ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेले. १९६२ च्या सुमारास, वयाच्या पंचविशीत, हा गृहस्थ गुजरातमधल्या बावरा नावाच्या गावी येऊन काही महिने राहिला. तिथे त्याने एक शाळा बांधली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने शाळेपेक्षाही महत्त्वाची आहे ती त्याने केलेली यादी.

ही यादी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' या त्यांच्या पुस्तकाच्या शेवटी उदाहरण म्हणून छापली आहे. सहाशे वस्तीचे एक शेतकरी गाव नव्या काळासाठी नव्याने मांडायचे आहे. तर त्या गावाच्या गरजा कोणत्या? अलेक्झांडर यांनी १४१ गरजा मांडल्या. घराचे दार दक्षिणेला नको, येथपासून ते मृतांची व्यवस्था नीट व्हावी, सणावारासाठी जागा असावी, बियाणे आणि खते तालुक्याच्या ठिकाणाहून लवकर पोचावीत, येथपर्यंत. एका जातीची माणसे जवळ राहू पाहतात, हरिजनांना अस्पृश्य मानले जाते, या गोष्टीही त्यांनी जशा दिसल्या तशा नोंदल्या. आता अस्पृश्यतेला गरजांच्या यादीत बसवावे काय, हा प्रश्न माझ्यासारख्याला खटकतोच. घटनेने १९५० सालीच जी प्रथा रद्द केली, तिला धरून गाव मांडायचा कसा? पण निदान त्यांनी ती झाकून ठेवली नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

यादी झाली. पुढे काय? कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे हे त्यांनी एकेक करून पाहिले. गुरे आणि जळण यांचा संबंध आहे, कारण शेण. विहीर आणि बायकांचे एकत्र भेटणे यांचाही संबंध आहे. असे शेकडो धागे झाले. मग तो गुंता सोडवण्यासाठी त्यांनी चक्क संगणक वापरला. एका सहकाऱ्याबरोबर त्यासाठी खास आज्ञावली लिहिली आणि १४१ गरजांचे चार मोठे व बारा लहान गट पाडले. एका मोठ्या गटात गुरे, बैलगाड्या आणि जळण; दुसऱ्यात शेती, पाणी आणि मालाची ने-आण; तिसऱ्यात गावाचा सार्वजनिक व्यवहार; चौथ्यात घर आणि खाजगी आयुष्य. प्रत्येक लहान गटासाठी एक रेखाटन काढायचे आणि ती रेखाटने जोडत जोडत गाव उभे करायचे, अशी कल्पना.

गंमत पुढेच आहे. १९७१ साली या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा प्रस्तावनेत अलेक्झांडर यांनी सांगून टाकले, की पुस्तकात खरे मोल आहे ते त्या रेखाटनांना. ती गणिती रीत नसली तरी चालेल. ती रेखाटने म्हणजेच नमुने. संगणक बाजूला राहिला आणि नमुना उरला!

१९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात २५३ नमुने आहेत. काही शहराचे, काही गल्लीचे, काही खिडकीचे. प्रत्येकाला नाव आहे. प्रत्येकात आधी परिस्थिती सांगितली आहे, मग अडचण, मग ती अडचण का येते याची चर्चा, आणि मग 'म्हणून' असा शब्द घालून उपाय. एक उदाहरण देतो, शिक्षकबंधूंना ते लगेच पटेल. प्रत्येक खोलीत दोन बाजूंनी उजेड यावा, असा एक नमुना आहे. कारण? एकाच बाजूने उजेड आला तर समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात जातो, त्याचे भाव नीट दिसत नाहीत, आणि माणसे अशा खोलीत नकळत टाळून बसतात. मी ज्या शाळेत शिकलो तिथे सगळ्या खिडक्या एका भिंतीला होत्या. मागच्या कोपऱ्यातली मुले कायम मठ्ठ ठरायची. ती मठ्ठ होती की अंधारात होती, हे आता कोणी सांगावे?

उपाय सांगताना कारणही सांगायचे, ही रीत आपल्याला परकी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या पाण्याविषयी लिहिताना एका झऱ्यावर विसंबू नये असे सांगितले आहे, आणि लगोलग कारणही दिले आहे: लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. हे कारण ज्याला माहीत आहे तो किल्लेदार निराळ्या गडावरही योग्य तेच करील. ज्याला नुसता हुकूम पाठ आहे तो टाक्या मोजत बसेल. असो.

आता आपण आज्ञावलीकडे वळू. १९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम हे दोघे अमेरिकन प्रोग्रामर टेकट्रॉनिक्स या कंपनीच्या एका गटाला सल्ला देत होते. संगणकात बसणारे सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक भाग तपासणारी यंत्रे हा गट करीत असे. यंत्र हाताळणाऱ्याला पडद्यावर काय दिसावे, याचा आराखडा काही केल्या पुरा होईना. अलेक्झांडर यांचे म्हणणे असे, की घर कसे असावे हे त्यात राहणाऱ्यालाच ठरवू द्या. फक्त त्याच्या हाती नमुने द्या. या दोघांनी तेच केले. यंत्र वापरणाऱ्यांच्याच हाती पाच छोटे नमुने दिले आणि सांगितले, करा तुम्हीच. आराखडा पुरा झाला, आणि चांगला झाला. त्याच वर्षी फ्लॉरिडातल्या ऑरलँडो शहरी भरलेल्या परिषदेत त्यांनी ही हकीकत मांडली. ज्या माणसाने भारतीय खेड्यासाठी संगणक वापरला आणि मग तो दूर सारला, त्याचीच कल्पना पंचवीस वर्षांनी संगणकवाल्यांनी उचलली.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. १९९४ साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांनी २३ नमुन्यांचे पुस्तक काढले आणि ते जगभर गेले. त्यातला एक नमुना 'स्टेट' नावाचा, म्हणजे 'अवस्था'. चौघांनी उदाहरण घेतले ते दोन संगणकांमधल्या जोडणीचे: ती बंद असते, वाट पाहत असते किंवा जुळलेली असते, आणि आलेल्या एकाच निरोपाचा अर्थ तिन्ही अवस्थांत निराळा. प्रत्येक ठिकाणी 'असे असेल तर असे, तसे असेल तर तसे' लिहीत बसण्याऐवजी प्रत्येक अवस्थेचे वागणे वेगळे बांधून ठेवा, एवढेच तो नमुना सांगतो.

त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय राज्यात नमुने लिहिणाऱ्यांची पहिली परिषद भरली. तिथली एक चाल मला फार आवडली. कोणी नमुना लिहून आणला की बाकीचे गोल बसून त्याची चर्चा करतात, आणि लिहिणाऱ्याने गप्प बसून ऐकायचे. मध्ये खुलासा करायचा नाही. कारण पुढे वाचणाऱ्याजवळ खुलासा करायला तो असणार नाही. ही पद्धत रिचर्ड गॅब्रिएल यांनी कवी-लेखकांच्या मंडळातून आणली. आपल्या प्राध्यापकांच्या परिषदांत हा नियम लावला तर निम्मी भांडणे मिटतील.

आता टेलिफोन. माझ्या मते या इतिहासाचा गाभा इथे आहे.

१९६५ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या सकासना गावी बेल कंपनीचे पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक टेलिफोन केंद्र सुरू झाले. त्याच्यासमोर ठेवलेली अट ऐका: चाळीस वर्षांत मिळून दोन तासांहून अधिक काळ बंद पडता कामा नये. चाळीस वर्षांत दोन तास! म्हणजे वर्षाला तीन मिनिटे. आपली घरची पाण्याची मोटारही हा करार मान्य करणार नाही. त्यासाठी नियंत्रण करणारा संगणक दोन प्रतींत ठेवला. एक काम करणारा, दुसरा त्याच्या बरोबरीने चालून पडताळणारा. तार तुटेल, वीज कडाडेल, एखादा भाग जळेल. पण चालू असलेले बोलणे तुटता कामा नये. कारण कोणी डॉक्टरला बोलावत असेल, कोणी आगीची वर्दी देत असेल.

हे साधायला जे शहाणपण लागले ते तीस वर्षे अभियंत्यांच्या डोक्यांत साठत गेले. जेम्स कोप्लिएन, रॉबर्ट हॅन्मर आणि त्यांचे चार सहकारी यांनी त्यातले काही नमुन्यांच्या रूपाने लिहून काढले. १९९५ च्या परिषदेत ते मांडले आणि १९९६ साली ते पुस्तकात छापून आले. त्यांची नावे ऐकली की एखाद्या जाणत्या गावकऱ्याच्या बैठकीत बसल्यासारखे वाटते.

एक नमुना आहे 'गळकी बादली'. अडचण अशी: तारेत क्षणभर खरखर झाली की यंत्राला चूक दिसते. प्रत्येक चुकीला घाबरून तो भाग बाद केला तर केंद्रच रिकामे होईल. आणि सोडून दिले तर खराब भाग लोकांची बोलणी तोडत राहील. म्हणून प्रत्येक भागासाठी एक मोजणी ठेवा. चूक झाली की बादलीत पेलाभर पाणी ओता. वेळ जाईल तसे ते आपोआप गळू द्या. तुरळक चुका गळून जातील. पण चुका गळतीपेक्षा भराभर होऊ लागल्या तर बादली भरेल, आणि भरली की तो भाग काढून टाका. घरातली वडीलधारी माणसे मुलांच्या खोड्या अशाच मोजतात. सोमवारची खोडी शनिवारी धरत नाहीत, पण एका दिवसात पाच झाल्या की कान धरतात.

दुसरा नमुना सांगतो, 'माणसाला कमीत कमी मध्ये आणा'. न थांबता चालणाऱ्या यंत्रणेत बरेच बिघाड माणसाच्या हातून होतात, असा या मंडळींचा अनुभव. भलतेच बटण, भलत्याच वेळी. म्हणून यंत्राने स्वतःचे स्वतः सावरावे. पण लगेच दुसऱ्या हाताने ते लिहितात, 'माणसालाच अधिक कळते': देखभाल करणारा अनुभवी माणूस यंत्राला थांब म्हणाला तर त्याचेच चालले पाहिजे. दोन्ही नमुने एकमेकांना धरून आहेत. नुसता पहिला घेतला तर यंत्र मुजोर होते. नुसता दुसरा घेतला तर कारभार घाबरट हातांत जातो.

आणि माणूस घाबरतो कशाने, तेही त्यांनी नीट हेरले होते. काही बिघडले की यंत्र निरोपांवर निरोप छापू लागते. कागद सरसर बाहेर येतो, आणि समोरचा माणूस गडबडून काहीतरी करून बसतो. तेवढ्यात यंत्र स्वतःच सावरलेले असते. म्हणून एकदा सांगा, मग थोड्या थोड्या वेळाने कसे चालले आहे ते कळवा, आणि संकट टळले की टळले म्हणून सांगा. मधल्या प्रत्येक धक्क्याला ओरडू नका. याच अनुभवातून पुढे हॅन्मर यांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर जे नमुने लिहिले, त्यांतल्या एकाचे नावच 'जॉर्ज वॉशिंग्टन अजून मेलेलेच आहेत' असे आहे! १७९९ साली गेलेल्या माणसाची मरणवार्ता कोणी रोज देत नाही. तसेच बंद पडलेला भाग अजून बंदच आहे, हे यंत्राने पुनःपुन्हा सांगू नये. दुसऱ्याचे नाव 'गप्प बस आणि ऐक': माणूस आज्ञा देत असेल तेव्हा यंत्राने आपली बडबड थांबवावी.

याच काळात डग्लस श्मिट नावाचे प्राध्यापक संगणकांमधल्या दळणवळणाचे नमुने लिहीत होते. त्यांचा 'रिअॅक्टर' हा नमुना जुन्या टेलिफोन केंद्रातल्या बाईंची आठवण देतो. पन्नास तारा, पण बाई एकच. त्या प्रत्येक तारेजवळ कान लावून बसत नसत. ज्या तारेची झडप पडेल तिकडे वळत. आज्ञावलीनेही तसेच एका जागी सर्वांची वाट पाहावी आणि जे घडेल ते त्या त्या कामगाराकडे सोपवावे. एरिक्सनच्या एका कामात ही आज्ञावली एका प्रकारच्या संगणक-व्यवस्थेतून दुसऱ्या प्रकारच्या व्यवस्थेत न्यायची होती. दोन्हींतले फरक इतके मोठे, की लिहिलेल्या ओळी बऱ्याच ठिकाणी जशाच्या तशा नेता येईनात. नमुना मात्र नेता आला. श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९५ साली हे मांडले. कित्ता आणि नमुना यांतला फरक इथे अगदी उघड दिसतो.

आपल्याकडे सी-डॉट ही संस्था १९८४ साली स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी १२८ तारांचे लहान टेलिफोन केंद्र तयार केले; त्यातले पहिले १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसले. परदेशी केंद्रांना थंड, स्वच्छ, वातानुकूलित खोली लागे. आपल्या गावात धूळ, उकाडा आणि बेभरवशाची वीज. तेव्हा तिकडच्या यंत्रातली कोणती गोष्ट गरजेपोटी आहे आणि कोणती तिकडच्या थंड खोलीपोटी, हे वेगळे करावे लागले. आपल्या अभियंत्यांनी त्याला नमुना म्हटले नाही, पण रीत तीच: उपायाआधी परिस्थिती पाहायची.

आणि परिस्थिती पाहिली नाही तर?

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानामधून युरोपचा नवा अग्निबाण 'एरियान ५' पहिल्यांदा उडाला. सुमारे चाळीस सेकंदांत तो वाकला, फुटला आणि त्याबरोबर चार शास्त्रीय उपग्रह गेले. चौकशीत जे निघाले ते असे. अग्निबाणाची दिशा मोजणारी यंत्रणा जुन्या 'एरियान ४' वरून घेतलेली होती. तिच्यातला एक हिशेब उड्डाणापूर्वीच्या तयारीचा. नव्या अग्निबाणाला उड्डाणानंतर त्याचा काही उपयोग नव्हता, तरी तो चालूच ठेवला होता. नवा अग्निबाण आडव्या दिशेने जुन्यापेक्षा खूप जास्त वेग घेत होता. आकडा त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावेना. संगणकाने चूक ओळखली आणि ठरल्याप्रमाणे स्वतःला बंद केले.

पण दुसरी प्रत होती ना? होती तर! सकासनाला होती तशीच. मात्र तिच्यातही तीच आज्ञावली, म्हणून तीच चूक. ती तर पहिलीच्या क्षणभर आधीच बंद पडली होती. एक बिघडले तर ते बंद करून दुसऱ्यावर जा, हा उपाय चांगला आहे. पण तो आहे भाग जळण्यासाठी, तार तुटण्यासाठी. दोन सुटे भाग एकाच क्षणी सहसा जळत नाहीत, हे त्याच्यामागचे कारण. हिशेबातली चूक ही जळण्याची गोष्ट नव्हे. ती दोन्ही प्रतींत सारखीच लिहिलेली असते. चौकशी मंडळाने नेमके यावरच बोट ठेवले. उपाय गिरवला गेला आणि 'म्हणून'च्या आधीचे वाक्य गळून पडले.

टेलिफोनवाल्यांनाही असा चटका आधी बसला होता. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या एका केंद्राने किरकोळ बिघाडामुळे काही सेकंद स्वतःला बंद करून पुन्हा सुरू केले. तो परतल्याचा निरोप घेताना शेजारची केंद्रे अडखळली, तीही बंद होऊन सुरू झाली, त्यांच्या परतण्याने त्यांच्या शेजारची अडखळली. सर्व ११४ केंद्रांत तीच आज्ञावली नुकतीच भरलेली होती. सुमारे नऊ तास अमेरिकेतले लांब पल्ल्याचे टेलिफोन कोलमडले. सावरण्यासाठी लिहिलेल्या ओळींतच चूक होती. गावभर एकाच वाणाचे बी पेरले आणि त्यावर रोग आला, तशातला प्रकार.

त्याच १९९६ सालच्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरी, संगणकवाल्यांच्या परिषदेने अलेक्झांडर यांना भाषणाला बोलावले. सभागृहात त्यांची पुस्तके वाचून नमुने लिहिणारे शेकडो लोक बसलेले. म्हाताऱ्याने आभार मानले, आणि मग सरळ विचारले: तुम्ही माझ्याकडून नमुन्याचा घाट घेतलात, पण त्याने माणसाचे जगणे अधिक चांगले होते की नाही हे पाहता का? माझ्या नमुन्यांत तो प्रश्न आधीपासून होता. तुमच्या कामाची मला पुरेशी माहिती नाही, असेही ते मोकळेपणाने म्हणाले. पण पुढे जगाचा आकार तुमच्या हातून घडणार आहे, तेव्हा ही जबाबदारी घ्या.

अलेक्झांडर मार्च २०२२ मध्ये इंग्लंडात वारले. त्यांच्या १९६४ च्या पुस्तकाच्या अखेरीस त्या भारतीय खेड्याची १४१ गरजांची यादी तशीच छापलेली आहे, आणि गुरांना, बैलगाड्यांना नि जळणाला त्यांनी दिलेला गट त्यात 'अ' या अक्षराने पहिला आहे.